फ्रिजमध्ये वाढणारी साथ

जुलै २०१७. सोवेटोतलं ख्रिस हानी बारागवानाथ आणि प्रिटोरियातलं स्टीव्ह बिको ही दक्षिण आफ्रिकेतली दोन मोठी सरकारी रुग्णालयं. दोन्हीकडच्या नवजात अर्भक विभागांतल्या डॉक्टरांना एकच गोष्ट खटकू लागली होती. जन्मल्यावर लगेच अत्यवस्थ होणाऱ्या बाळांची संख्या वाढली होती आणि त्यांच्या रक्ताच्या तपासणीत एरवी क्वचित दिसणारा एक जीवाणू पुन्हा पुन्हा सापडत होता. त्याचं नाव लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस. डॉक्टरांनी जोहान्सबर्गच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेला कळवलं.

संस्थेने देशभरच्या प्रयोगशाळांच्या नोंदी बाहेर काढल्या. या आजाराचे वर्षाकाठी साधारण ६० ते ८० रुग्ण प्रयोगशाळेत सिद्ध होत असत. त्या वर्षी हा आकडा केव्हाच मागे पडला होता. शिवाय आजारी पडत होती ती फक्त बाळं नव्हती. नोंदींमध्ये गरोदर बायका होत्या, म्हातारी माणसं होती, एचआयव्हीसह जगणारे तरुण होते. कोणाला रक्तात संसर्ग झाला होता, कोणाला मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. एकाच शहरात राहणं किंवा एकाच समारंभात जेवणं असा काही समान धागा त्यांच्यात दिसत नव्हता.

५ डिसेंबर २०१७ रोजी आरोग्यमंत्री डॉ. आरोन मोत्सोआलेदी यांनी साथ जाहीर केली, तेव्हा सिद्ध रुग्णांची संख्या ५५७ झाली होती. जीवाणू कोणता हे माहीत होतं. तो माणसांच्या पोटात कशातून जातो आहे, हे मात्र कोणालाही सांगता येत नव्हतं. पुढच्या जुलैपर्यंत रुग्ण १,०६० झाले आणि २१६ माणसं दगावली. लिस्टेरियाची जगात नोंदली गेलेली ही सर्वांत मोठी साथ ठरली.

ती कशी पकडली गेली, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. पण ती समजायला आधीची जवळजवळ शंभर वर्षं पाहावी लागतात. कारण या आजाराच्या इतिहासात एक गोष्ट प्रत्येक टप्प्यावर सिद्ध झाली आहे. औषध, लस, कायदा या सगळ्यांच्या आधी इथे लागते ती नोंद. जिथे रुग्ण मोजले गेले, तिथेच साथ दिसली. जिथे मोजले गेले नाहीत, तिथे माणसं एकेकटी मेली आणि प्रत्येक मृत्यू आपापल्या घरापुरता राहिला.

ससे, रानउंदीर आणि मेंढ्या

१९२४ साली केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत पाळलेले ससे आणि गिनीपिग पटापट मरू लागले. ई. जी. डी. मरे, आर. ए. वेब आणि एम. बी. आर. स्वॉन या तिघांनी त्या मेलेल्या जनावरांतून एक नवा जीवाणू वेगळा काढला. आजारी सशांच्या रक्तात मोनोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी विलक्षण वाढलेल्या होत्या, म्हणून १९२६च्या त्यांच्या निबंधात जीवाणूच्या नावात या पेशी आल्या. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गच्या दक्षिण आफ्रिकी वैद्यकीय संशोधन संस्थेत जे. एच. हार्वे पिरी यांना जर्बिल नावाच्या रानउंदरांत असाच जीवाणू मिळाला. पिरी हे स्कॉटिश डॉक्टर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या अंटार्क्टिक मोहिमेत जाऊन आलेले. त्यांनी जीवाणूला निर्जंतुक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांचं नाव दिलं. १९४० साली त्यात थोडा बदल करून लिस्टेरिया हे आजचं नाव पक्कं झालं.

त्यानंतरची पन्नासेक वर्षं हा जीवाणू मुख्यतः पशुवैद्यांचा विषय राहिला. युरोप-अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत हिवाळ्यासाठी हिरवा चारा दाबून, आंबवून साठवतात. आपल्याकडे त्याला मुरघास म्हणतात. हा चारा नीट आंबला नाही तर त्यात लिस्टेरिया माजतो. तो मेंढीच्या मेंदूपर्यंत पोचला की मेंढीची मान एका बाजूला वळते आणि ती गोल गोल फिरत राहते, शेवटी कोसळते. माणसांतही तुरळक रुग्ण सापडत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या हाले शहरात नवजात बाळांच्या मृत्यूंमागे हाच जीवाणू निघाला. जर्मन संशोधक हाइन्झ झेलिगर यांनी १९६१ साली या आजारावर सविस्तर ग्रंथ लिहिला. मोठ्या माणसांत मात्र कधीतरी एखाद्या वृद्धाचा मेंदूज्वर, कधी कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्तातला संसर्ग, एवढ्यावरच गोष्ट संपायची. तो संसर्ग येतो कुठून? गुरांपासून? मातीतून? अन्नातून येत असावा अशी शंका अनेकांना होती, पुरावा कोणाकडेच नव्हता.

हॅलिफॅक्सची कोबी

पुरावा मिळाला तो १९८१ साली, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर. नोव्हा स्कोशिया आणि शेजारच्या प्रांतांत मार्चपासून गर्भपात, मृत जन्म आणि आजारी बाळांचे प्रकार वाढले. हॅलिफॅक्समधले संसर्गरोगतज्ज्ञ वॉल्टर श्लेक आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. सप्टेंबरपर्यंत ४१ रुग्ण जमले. त्यांतले ३४ गरोदरपणाशी संबंधित होते, ७ इतर प्रौढ.

त्यांनी रुग्णांना आणि त्यांच्याशी तुलना करता येतील अशा निरोगी माणसांना एकच प्रश्नावली विचारली: गेल्या काही आठवड्यांत काय काय खाल्लं? फरक एका पदार्थात दिसला, तो म्हणजे कोलस्लॉ. बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीची, अंड्या-तेलाच्या सॉसमध्ये कालवलेली कोशिंबीर. दुकानात ती डब्यात तयार मिळते. एका रुग्णाच्या घरच्या फ्रिजमध्ये उरलेलं कोलस्लॉ तपासलं, तर त्यात रुग्णांच्या शरीरात सापडलेल्याच प्रकारचा लिस्टेरिया निघाला. न उघडलेल्या पाकिटांतही तोच निघाला.

मग तपास मागे मागे सरकत एका शेतापर्यंत गेला. हा शेतकरी कोबी पिकवायचा आणि मेंढ्याही पाळायचा. मेंढ्यांचं लेंडीखत, काही कुजवलेलं तर काही ताजंच, तो कोबीच्या वाफ्यांत घालत असे. त्याची एक मेंढी १९७९ साली आणि दुसरी मार्च १९८१मध्ये लिस्टेरियानेच मेली होती. ऑक्टोबरात काढलेली कोबी हिवाळाभर थंड कोठारात ठेवलेली असे आणि वसंतात ती बाजारात जाई.

सगळं गूढ त्या कोठारात उलगडत होतं. बहुतेक रोगजंतू थंडीत वाढायचे थांबतात. लिस्टेरिया शून्य अंशाच्या आसपासही हळूहळू वाढत राहतो. शेतकऱ्याने कोबी टिकावी म्हणून जी थंडी वापरली, तिनेच इतर जीवाणूंना रोखून याला मोकळं रान दिलं. विसाव्या शतकाने अन्न सुरक्षित ठेवण्यासाठी उभी केलेली सगळी व्यवस्था, म्हणजे शीतगृहं, बर्फगाड्या, घरोघरचे फ्रिज, या एका जीवाणूच्या बाबतीत उलटी पडत होती. १९८३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि लिस्टेरिया अन्नातून पसरतो यावर शिक्कामोर्तब झालं.

एक चीज, एक सॉसेज आणि १२३ फ्रिज

त्यानंतर साथी दिसू लागल्या, कारण आता कुठे पाहायचं ते कळलं होतं. १९८५ साली लॉस एंजेलिस काउंटीत १४२ रुग्ण झाले. मेक्सिकन पद्धतीचं मऊ, ताजं चीज त्याला कारणीभूत निघालं. पाश्चराइज न केलेलं दूध त्यात मिसळलं गेलं होतं. ४८ मृत्यू झाले: २० गर्भ, १० नवजात बाळं आणि १८ प्रौढ. गर्भवती रुग्णांत बहुतेक जणी मेक्सिकन वंशाच्या होत्या. गावाकडची चव त्या परमुलखात या चीजमध्ये शोधत होत्या.

प्रौढांबाबत या साथीने एक गोष्ट अगदी स्वच्छ दाखवून दिली. गरोदर नसलेले ४९ प्रौढ आजारी पडले, त्यांतल्या ४८ जणांना आधीपासून काही ना काही आजार होता किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं कारण होतं. धडधाकट माणूस लिस्टेरिया खाऊन बहुधा काही न होता सुटतो, फार तर दोन दिवस पोट बिघडतं. पण कर्करोगाचे उपचार चालू असलेला, मूत्रपिंड बदललेला, स्टेरॉइड घेणारा, यकृत खराब झालेला, मधुमेही किंवा नुसताच पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस तितका सुदैवी नसतो. त्याच्या आतड्यातून जीवाणू रक्तात जातो, पेशींच्या आत शिरतो आणि एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत घुसतो. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तो हाती लागतच नाही. त्याला रोखायचं काम प्रतिकारशक्तीच्या पेशींचं असतं आणि नेमक्या त्याच पेशी या माणसांत दुबळ्या झालेल्या असतात.

१९८८च्या डिसेंबरात ओक्लाहोमात कर्करोगाची एक रुग्ण स्त्री लिस्टेरियाने आजारी पडली. ती रोज टर्कीच्या मांसाचं एक सॉसेज मायक्रोवेव्हमध्ये किंचित गरम करून खात असे. तिच्या फ्रिजमधलं उघडलेलं पाकीट तपासलं, लिस्टेरिया निघाला. दुकानातून त्याच कंपनीची बंद पाकिटं आणली, त्यांतही निघाला. कारखान्यात सॉसेज व्यवस्थित शिजवलं जात होतं. शिजल्यानंतर पाकिटात जाईपर्यंतच्या वाटेवर, यंत्राच्या पट्ट्यावर, ते पुन्हा दूषित होत होतं. अमेरिकेत शिजवलेल्या, तयार मांसाच्या पदार्थांत लिस्टेरिया अजिबात चालणार नाही, हा नियम कडक झाला तो यानंतर. एका रुग्णाच्या फ्रिजपर्यंत कोणीतरी जाऊन पोचलं, म्हणून एवढं घडलं.

पुढे अमेरिकी आरोग्ययंत्रणेने हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. लिस्टेरिया झालेल्या १२३ रुग्णांच्या घरचे फ्रिज तपासले. त्यांतल्या ७९ फ्रिजमध्ये, म्हणजे ६४ टक्के घरांत, किमान एका पदार्थात लिस्टेरिया सापडला. १९९२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. या आजाराचे बहुतेक रुग्ण कुठल्याही साथीचा भाग म्हणून नोंदले जात नाहीत, ते एकटेदुकटे असतात. त्या एकट्या रुग्णांचा मार्गही अन्नाचाच आहे, हे या अभ्यासाने दाखवलं.

सत्तर दिवसांपूर्वी काय खाल्लंत?

तरीही तपास सोपा झाला नाही. लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कळतं. पाहुणे तेच असतात, पंगत आठवत असते. लिस्टेरियात खाणं आणि आजारी पडणं यांच्यात एका दिवसापासून जवळजवळ सत्तर दिवसांपर्यंत अंतर असू शकतं. गरोदर बायकांत तर ते बहुधा कित्येक आठवड्यांचं असतं. सहा आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी काय खाल्लं होतं, हे कोण सांगू शकेल? शिवाय प्रौढ रुग्णांतले पुष्कळजण बेशुद्ध असतात किंवा दगावलेले असतात. प्रश्न विचारायचे ते मुलाला, सुनेला, नवऱ्याला.

माणसाच्या आठवणीची ही उणीव जीवाणूच्या जनुकांनी भरून काढली. १९९६ साली अमेरिकेने पल्सनेट नावाचं जाळं उभारलं. रुग्णांकडून मिळालेल्या जीवाणूंच्या जनुकांचा ठसा वेगवेगळ्या राज्यांतल्या प्रयोगशाळा एकाच पद्धतीने काढतात आणि एकमेकींशी ताडून पाहतात. १९९८मध्ये विखुरलेल्या रुग्णांतले ठसे जुळू लागले आणि मिशिगनमधल्या एका कारखान्यातल्या हॉटडॉगपर्यंत तपास पोचला. २०११ साली कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांनी २८ राज्यांत १४७ माणसं आजारी पाडली आणि ३३ जण दगावले. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे होते. तिथे फळं धुऊन भरण्याच्या शेडमध्ये जमिनीवर पाणी साचत होतं आणि पूर्वी बटाट्यांसाठी वापरलेली, नीट साफ न होणारी यंत्रं वापरात होती. खरबूज हे तर वृद्धांना डॉक्टर आवर्जून खायला सांगतात असं फळ. ही माणसं प्रकृतीला जपत होती, त्यातच ती गेली.

पुढच्या काही वर्षांत जनुकीय ठशांच्या जागी जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचण्याचं तंत्र आलं. सोवेटोतल्या डॉक्टरांनी २०१७मध्ये पहिली सूचना दिली, तेव्हा जोहान्सबर्गच्या संस्थेकडे ते तंत्र होतं. हार्वे पिरी जिथे काम करत, त्या जुन्या संशोधन संस्थेच्या वारशातूनच ही संस्था घडली होती. तिच्याकडे नव्हती ती पुरेशी माहिती. दक्षिण आफ्रिकेत तोवर लिस्टेरिया हा नोंद सक्तीचा आजार नव्हता. डिसेंबर २०१७मध्ये साथ जाहीर झाली आणि त्याच महिन्यात तो तसा ठरवण्यात आला.

सोवेटोतली नऊ मुलं

संस्थेच्या आंत्ररोग विभागाच्या प्रमुख डॉ. जुनो थॉमस यांच्या चमूने रुग्णांचे जीवाणू गोळा करून त्यांचा जनुकसंच वाचला. वेगवेगळे उपप्रकार निघाले, पण नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत एकच होता: एसटी-६. याचा अर्थ दूषित अन्नाचा मूळ स्रोत बहुधा एकच होता आणि ते अन्न देशभर विकलं जात होतं. रुग्णांच्या मुलाखती सुरू झाल्या. ज्या १०९ जणांशी बोलता आलं, त्यांतल्या ९३ जणांनी, म्हणजे ८५ टक्क्यांनी, शिजवून तयार मिळणारे मांसाचे पदार्थ खाल्ले होते. त्यांत सर्वांत वर होती पोलोनी.

पोलोनी म्हणजे बारीक वाटलेल्या मांसाचं, गुलाबी रंगाचं, जाड नळीसारखं सॉसेज. कारखान्यातच शिजवलेलं असतं, घरी आणून चकत्या कापायच्या आणि पावात घालायच्या. इतर मांसाच्या मानाने स्वस्त. शाळेच्या डब्यात, मजुरांच्या दुपारच्या जेवणात आणि सोवेटोच्या रस्त्यांवर विकल्या जाणाऱ्या कोटामध्ये ती असते. कोटा म्हणजे पावाच्या लादीचा चौथा हिस्सा आतून कोरायचा आणि त्यात बटाट्याचे तळलेले काप, पोलोनी आणि आंब्याचं लोणचं भरायचं. हे लोणचं तिकडे गेलं ते भारतीय मजुरांबरोबर. कष्टकऱ्यांचं पोट भरणारं हे खाणं. पण पोलोनी बनवणारे कारखाने अनेक होते आणि एसटी-६ नेमका कुठून येतोय ते कळत नव्हतं.

१२ जानेवारी २०१८, शुक्रवार. सोवेटोतल्या एका पाळणाघरातली पाच वर्षांच्या आतली नऊ मुलं ताप आणि जुलाबाने हैराण होऊन बारागवानाथ रुग्णालयात आली. मुलांना जुलाब होणं ही त्या रुग्णालयात रोजचीच गोष्ट. पण बालरोगतज्ज्ञाने एका पाळणाघरातली नऊ मुलं एकदम का आली, याचा विचार केला आणि अन्नातून आलेल्या आजाराची, त्यातही लिस्टेरियाची, शंका घेतली. आरोग्य निरीक्षकांना निरोप गेला. ते त्याच दिवशी पाळणाघरात पोचले. तिथे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पोलोनी होती. दोन्हींचे नमुने त्यांनी उचलले.

एका मुलाच्या शौचाच्या नमुन्यात लिस्टेरिया निघाला. पोलोनीच्या दोन्ही नमुन्यांत निघाला. तिन्ही जीवाणू जनुकीय तपासणीला गेले आणि २७ जानेवारीला उत्तर आलं. तिन्ही एसटी-६ होते.

या दुव्यावरून राष्ट्रीय संस्थेचे लोक, कृषी खात्याचे प्रतिनिधी आणि जिनिव्हाहून आलेले जागतिक आरोग्य संघटनेचे तीन तज्ज्ञ त्या दोनपैकी एका कंपनीच्या, उत्तरेकडच्या पोलोक्वाने शहरातल्या कारखान्यात गेले. एंटरप्राइज नावाने मांसाचे पदार्थ विकणारा, टायगर ब्रँड्स या बड्या अन्नकंपनीच्या मालकीचा तो कारखाना. तिथल्या यंत्रांवरून, पृष्ठभागांवरून घेतलेल्या नमुन्यांपैकी ३० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत लिस्टेरिया सापडला. ३ मार्चच्या मध्यरात्री जनुकीय तपासणीचे निकाल हाती आले. त्यांतले किमान १६ नमुने एसटी-६चे होते. दुसऱ्या दिवशी, ४ मार्चच्या रविवारी, मोत्सोआलेदी पत्रकारांसमोर आले आणि कारखान्याचं नाव घेऊन त्यांनी लोकांना सांगितलं की शिजवून तयार मिळणारे असे मांसाचे पदार्थ खाऊ नका. तोवर सिद्ध रुग्ण ९४८ झाले होते. ज्यांचं पुढे काय झालं ते कळू शकलं, त्यांतले १८० दगावले होते.

दुकानांतले फ्रिज रिकामे झाले. शेजारच्या देशांनी आयात थांबवली. पुढच्या आठवड्यांत एसटी-६चे नवे रुग्ण झपाट्याने घटले. ३ सप्टेंबर २०१८ रोजी साथ संपल्याचं जाहीर झालं.

कोण मेलं?

साथीचा अभ्यास थॉमस आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केला. त्यातल्या ९३७ रुग्णांपैकी ४६५ जण गरोदरपणाशी संबंधित होते, त्यांतली ४०६ नवजात बाळं. म्हणजे उरलेले अर्धे रुग्ण मोठी माणसं आणि मुलं होती. विशेष म्हणजे २२९ जण १५ ते ४९ या वयाचे, गरोदर नसलेले. श्रीमंत देशांतल्या साथींत या वयाची माणसं एवढ्या संख्येने दिसत नाहीत. या गरोदर नसलेल्या रुग्णांपैकी ज्यांची एचआयव्हीची तपासणी माहीत होती, त्यांत ४६ टक्के बाधित होते. एका साथीने आधीच पोखरलेल्या शरीरांवर दुसरी साथ येऊन पडली. ज्या ७२८ जणांचा शेवट ठाऊक होता, त्यांतले १९३ मेले. चारातला एक.

जगलेल्यांचंही सगळं सुरळीत होत नाही. फ्रान्समध्ये २००९ ते २०१३ या काळात ८१८ रुग्णांचा बारकाईने पाठपुरावा झाला. मेंदूपर्यंत संसर्ग पोचलेल्यांपैकी फक्त ३९ टक्के माणसं पूर्ण बरी झाली. रक्तात संसर्ग झालेल्यांपैकी तीन महिन्यांत जवळजवळ निम्मे दगावले. यात उपचारांची एक अडचण प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावी अशी आहे. मेंदूज्वराच्या रुग्णाला सर्रास दिल्या जाणाऱ्या सेफॅलोस्पोरिन गटातल्या प्रतिजैविकांचा लिस्टेरियावर परिणाम होत नाही. त्याला अँपिसिलिन लागतं, बहुधा जोडीला जेंटामायसिन. म्हणून रुग्ण वयस्क असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला असेल, तर तपासणीचा निकाल यायच्या आधीच अँपिसिलिन सुरू करण्याचा प्रघात आहे. स्वस्त, जुनं औषध आहे. फक्त त्याची आठवण वेळेवर व्हायला हवी.

आपल्याकडचं चित्र

भारतातही लिस्टेरिया आहे. तो मातीत आहे, गुरांत आहे, कच्च्या दुधात आहे. जुन्या गोव्यातल्या एला इथल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रात देशभरातून मिळालेले लिस्टेरियाचे नमुने जतन करण्याचं काम झालं. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या संशोधकांनी विदर्भातल्या दुधात तो शोधला. दुग्धजन्य पदार्थांच्या २५ ग्रॅम नमुन्यात तो मुळीच नसावा, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे. दूध उकळून पिण्याची आणि भाजी-मांस चांगलं शिजवून, गरम गरम खाण्याची आपली रीत या आजारापासून मोठं संरक्षण देते, यात शंका नाही.

पण रीत बदलते आहे. शहरांत कापलेली फळं, डब्यातली सॅलड, मऊ चीज, पाकिटातलं सॉसेज आणि सलामी फ्रिजमध्ये आठ-आठ दिवस राहू लागली आहेत. त्याच वेळी कर्करोगाचे उपचार घेणारी, मूत्रपिंड बदललेली, मधुमेह सांभाळत ऐंशीपर्यंत जगणारी माणसं वाढली आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. लिस्टेरियाला हवं असतं ते हेच दोन्ही: थंडीत टिकवलेलं तयार अन्न आणि दुबळं झालेलं शरीर.

घरात असं माणूस असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. दूध उकळून आणि चीज-पनीर पाश्चराइज दुधाचंच घ्यावं. पाकिटातलं मांस वाफ येईपर्यंत गरम करूनच खावं. उरलेलं अन्न फ्रिजमध्ये दिवसेंदिवस ठेवू नये. साल काढून टाकणार असलो तरी फळं कापण्याआधी धुवावीत, कारण सुरी सालीवरचा जीवाणू आत नेते. फ्रिज अधूनमधून रिकामा करून पुसावा.

घरची काळजी मात्र एका मर्यादेपर्यंतच पुरते. दक्षिण आफ्रिकेतल्या आयांनी पोलोनी दुकानातून विश्वासाने आणली होती. तिच्या वासात, रंगात, चवीत काही फरक नव्हता. त्यांना वाचवू शकणारी माणसं दुसरीकडे होती: कारखान्यातला स्वच्छतेचा प्रमुख, रक्ताचं कल्चर पाठवणारा डॉक्टर, निकाल वर कळवणारी प्रयोगशाळा, त्याच दिवशी गाडी काढून पाळणाघरात जाणारा निरीक्षक. साथीनंतर जून २०१८मध्ये तिथल्या सरकारने तयार मांस बनवणाऱ्या कारखान्यांना उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर धोका तपासण्याची पद्धत सक्तीची केली. डिसेंबरात जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने पीडितांच्या सामूहिक दाव्याला परवानगी दिली. हे सगळं व्हायला हवं होतं. पण ते आधी व्हायला हवं होतं.

आपल्याकडे एखादा म्हातारा मेंदूज्वराने जातो, तेव्हा 'वय झालं होतं' म्हणून आपण त्याचा निरोप घेतो. कर्करोगाचा रुग्ण जंतुसंसर्गाने गेला तर दोष कर्करोगाला जातो. असे मृत्यू शेकडो मैलांवर एकेक करून होत असतील आणि त्यांच्यामागे एकच कारखाना असेल, तर ते कळण्याचा मार्ग एकच आहे. प्रत्येक रुग्णाच्या रक्ताची तपासणी व्हावी, सापडलेला जीवाणू जपून ठेवला जावा आणि त्याची नोंद सक्तीने एका ठिकाणी जावी. दक्षिण आफ्रिकेने ही सक्ती केली तेव्हा तिथे पाचशेहून अधिक माणसं आजारी पडलेली होती. त्यांची किंमत मोजून मिळालेलं हे शहाणपण आपण फुकट घेऊ शकतो. त्यासाठी साथीची वाट पाहायची गरज नाही.